गंगव्वाची साक्ष

कोशाच्या कचेरीत रघुपतीला लागून दोन वर्षे झाली होती आणि त्यांतले सात महिने त्याने एकाच शब्दाच्या सोबतीत काढले होते. शब्द इंग्रजी होता, अगदी साधा, शाळेत पाऊल टाकलेल्या मुलालाही येणारा: रन. 'धावणे' असा अर्थ फळ्यावर लिहून शाळेतला मास्तर पुढच्या शब्दाकडे वळतो. कोशकाराला तसे वळता येत नाही. इंग्रजीत माणूस रन करतो तशी नदी करते आणि पडसे झालेले नाकही करते. बस, गिरणी, दुकान, अफवा, साऱ्यांना हाच शब्द. रस्ता देवळावरून जातो, भिंतीला तडा जातो, उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, एखादा रोग घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो, तिथेही इंग्रज त्या एकाच शब्दावर भागवतो. रघुपतीने यादी केली तेव्हा अर्थ चौऱ्याऐंशी भरले. त्या चौऱ्याऐंशी अर्थांना चौऱ्याऐंशी कन्नड प्रतिशब्द शोधणे हे त्याचे काम होते.

कचेरी बसवनगुडीतल्या एका जुन्या बंगल्यात होती. इंग्रजी-कन्नड कोशाचे प्रमुख संपादक भीमाचार्य हे मूळचे धारवाडचे, साठी ओलांडलेले, कमी बोलणारे गृहस्थ. पुस्तकातून शब्द उचलायचा नाही, तो जिवंत माणसाच्या तोंडून घ्यायचा, हा त्यांचा दंडक होता. आधीच्या कोशांत पंडितांनी घरी बसून घडवलेले, कुणीही न बोललेले शब्द भरले होते, त्याची त्यांना चीड होती. म्हणून प्रत्येक अर्थाची एक वेगळी चिठी असे. पुढच्या बाजूला इंग्रजी वाक्य आणि कन्नड प्रतिशब्द; मागच्या बाजूला साक्षीदाराचे नाव, पेठ, धंदा आणि घरची भाषा. घरची भाषा कन्नड नसेल तर ती साक्ष चालत नसे.

दर बुधवारी बैठक होई. एकाने चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या, बाकीच्यांनी ऐकायचे. एखादा शब्द आपण कन्नडमध्ये कधीच ऐकला नसेल तर काही न बोलता उजवा तळहात मेजावर पालथा ठेवायचा. दोन तळहात पडले की चिठी थांबे आणि पुढच्या बुधवारी साक्षीदाराला कचेरीत आणावे लागे. त्याला शब्द सांगायचा नसे. वस्तू किंवा क्रिया दाखवून विचारायचे, याला तुम्ही काय म्हणता? कुंभार, नावाडी, सुईणी, घोड्यांना नाल ठोकणारे असे कितीतरी लोक त्या मेजासमोर येऊन साक्ष देऊन गेले होते.

रघुपतीची जागा हंगामी होती. डिसेंबरात विद्यापीठाला पाठवायच्या पत्रावर भीमाचार्यांची सही झाली तर तो कायम होणार होता, आणि 'रन'ची नोंद हीच त्याची परीक्षा आहे हे सर्वांना ठाऊक होते. कब्बनपेटेतल्या रंगाऱ्याच्या घरातला, विद्यापीठाची पायरी चढलेला तो पहिला मुलगा. घरचा धंदा आता उतरणीला लागला होता. पूर्वी पेठेतले सगळे विणकर रेशमाच्या लडी त्यांच्याकडे रंगवायला आणीत. आता गिरणीचे रंगीत सूत बाजारात मिळू लागले होते. पुढे घर कुणाच्या आधारावर उभे राहायचे हे कुणी बोलून दाखवत नव्हते, इतके ते उघड होते.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी सहकारी नागनाथ चिठ्ठ्या वाचत होता. हा तुमकूरचा, थट्टेखोर. चाळीस चिठ्ठ्या विनाअडथळा गेल्या.

"एक्केचाळीस," नागनाथ म्हणाला. "धुताना कापडाचा रंग पसरतो, खाली गळतो, त्या अर्थी. प्रतिशब्द: ओघळिसु. बण्ण ओघळिसितु." तो थांबला. त्याने चिठी जरा दूर धरून पाहिली आणि आपला तळहात मेजावर ठेवला. "माझी आई रोज कपडे धुते बाबा, पण हे काही तिच्या तोंडून ऐकलं नाही."

रघुपतीने भीमाचार्यांकडे पाहिले. आचार्यांनी चष्मा काढला, पंच्याने पुसला, पुन्हा लावला. मग त्यांचाही तळहात सावकाश मेजावर आला.

"साक्षी?" त्यांनी विचारले.

नागनाथने चिठी उलटली. "गंगव्वा, कब्बनपेट, रंगकाम. घरची भाषा कन्नड."

"पुढच्या बुधवारी आणा त्यांना," आचार्य म्हणाले. "त्रेचाळीसपर्यंत वाचा आणि आज थांबू."

गंगव्वा नावाची बाई कब्बनपेटेत नव्हती. रघुपतीने शब्द घेतला होता तो सकवारबाईकडून. सकवारबाई ही त्याच्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली आणि रघुपतीचे वडील वारल्यावर रंगाचा सगळा कारभार तिनेच ओढला. घरीदारी सगळे तिला अक्का म्हणत. घरात तिचे बोलणे मराठी. पण ओट्यावर गिऱ्हाईक आले की ती कन्नडमध्ये बोले, आणि 'ओघळिसितु' हा शब्द रघुपतीने लहानपणापासून फक्त तिथे, ओट्यावर, तिच्या कन्नड वाक्यांत ऐकला होता. घरात ते 'रंग सुटला' म्हणत. त्यामुळे शब्द कन्नड आहे याविषयी त्याला तिळभर शंका आली नव्हती. अडचण फक्त मागच्या बाजूच्या त्या शेवटच्या रकान्याची होती. तीनशे वर्षे या गावात राहूनही त्यांच्या घरची भाषा मराठीच. त्यातून भाषावार राज्ये होऊन तीन वर्षे झालेली, सीमेवरच्या गावांवरून वर्तमानपत्रांत रोज आगपाखड चाललेली. कन्नड कोशात मराठी घर मिरवायला त्याचे मन धजले नाही. शब्द खरा आहे, मग नाव कुणाचे का असेना, अशी स्वतःची समजूत घालून त्याने 'गंगव्वा' असे लिहिले होते.

घरी आला तेव्हा अक्का परसात चुलाण्यावरच्या हंड्यात लडी फिरवत होती. कोपरापर्यंत हात तांबडे झालेले. त्याने सगळे सांगितले. खोट्या नावाचे सांगताना तो हंड्यातल्या उकळीकडे पाहत होता.

अक्काने आधी दुसरेच विचारले. "एका शब्दाला चौऱ्याऐंशी कामं?"

"होय."

"इंग्रजांच्या घरी शब्दांचा दुष्काळ होता काय रे? एकालाच बापड्याला राबवून घेतात." तिने काठीवरची लड उचलून पाहिली, पुन्हा बुडवली. "आणि तुझ्या त्या आचार्यांना ओघळिसितु कळत नाही? धारवाडला कपडे धूत नाहीत वाटतं."

"अक्का, चेष्टा नको. त्यांना साक्षीदार हवाय. कन्नड घरचा."

"मग त्यात रडायचं काय? सगळी पेठ म्हणते. स्वल्प थांब, एवढी लड उतरवते, मग दोघं जाऊ. मल्लव्वा सांगेल, नाहीतर बसप्पाअण्णा सांगेल. हातभर लांब शेपटीसारखे साक्षीदार घेऊन जा."

रघुपतीच्या मनावरचा दगड उतरला. खरेच, एक तरी विणकर हा शब्द बोलला की त्याचे नाव नव्या चिठीवर लिहायचे, जुनी फाडायची, आणि आचार्यांना सांगायचे की गंगव्वा परगावी गेली. खोटे तेवढे उरेल, पण लहान.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे विणकरांच्या गल्लीत गेले. अक्काने मुद्दाम एक कच्च्या रंगाची ओली लड पांढऱ्या फडक्यात गुंडाळून घेतली होती. पहिले घर बसप्पाचे. तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. अक्काने त्याच्यापुढे लड टांगून धरली. तांबडे थेंब रेघारेघांनी खाली उतरले.

"अण्णा, याला काय म्हणायचं?"

"म्हणायचं काय? बण्ण बिट्टितु. रंग सोडला." बसप्पा हसला. "धंदा बिघडला की काय अक्का तुझा?"

"आणखी काय म्हणतात?"

"आणखी काय म्हणणार? तुला शिव्या देतील फार तर."

पुढच्या घरी हेच उत्तर आले, त्याच्या पुढच्या घरीही. चौथ्या घरी अक्काने नियम बाजूला ठेवून सरळ शब्दच उच्चारला. तिथल्या म्हाताऱ्या मल्लव्वाने मान हलवली.

"ओघळिसितु होय? ते तुमच्या ओट्यावरचं बोलणं. आम्हाला समजतं ना सगळं. माझी सासूसुद्धा सांगायची, रंगाऱ्यांकडे गेलं की असं म्हणतात."

"तू कधी म्हणत नाहीस?"

"मी कशाला म्हणू? ते तुमचं आहे." आणि मग, अक्काचा चेहरा पाहून, मायेने: "गोड लागतं कानाला. बस, मज्जिगे देते."

अक्काने ताक घेतले नाही. परतताना ती गल्लीच्या मधून चालली नाही, कडेने चालली. घरापाशी आल्यावर म्हणाली, "पन्नास वर्षं त्या ओट्यावर बसून मी कन्नड बोलतेय असं मला वाटत होतं. कुणी एका शब्दानं सांगितलं नाही, बाई, हे आमचं नव्हे."

"ते मनाला लावून घेऊ नकोस. बाकीचं सगळं कन्नडच आहे तुझं."

"बाकीचं कुठलं ते आता मला कसं कळायचं?"



चिठी मागे घेता आली असती. पण घातलेली चिठी मागे घेणे म्हणजे साक्ष नव्हती असे कबूल करणे, आणि ते कचेरीत आजवर कुणी केले नव्हते. शनिवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या रघुपतीने अक्काकडे न बघता म्हटले, "एक दिवस तू गंगव्वा होशील का?"

अक्काने भाताचा वाडगा खाली ठेवला. त्याला वाटले, ती चिडेल. तिने त्याच्या ताटाकडे पाहिले.

"काम कायम होईल?"

"होईल."

"सरी. येते." तिने त्याला भात वाढला. "मल्लव्वासारखं कुंकू तर मला लावायचं नाही. नावच तेवढं बदलायचं ना? त्याला काय लागतं."

बुधवारी अक्का धुतलेले हिरवे लुगडे नेसून आली. पायऱ्या चढताना तिने वहाणा हातात घेतल्या. रघुपतीने त्या तिच्याकडून घेऊन दाराशी ठेवल्या. आत मेजावर एक पितळी परात, तांब्याभर पाणी, पांढरे फडके आणि नव्या तांबड्या कापडाचा तुकडा मांडून ठेवला होता. ही तयारी आचार्यांनी स्वतः केली होती.

"बसा, अम्मा," ते कन्नडमध्ये म्हणाले.

"उभी बरी आहे, स्वामी. रंगाचं काम बसून होत नाही."

आचार्यांनी तांबडे कापड भिजवून पांढऱ्या फडक्यावर ठेवले, दाबले आणि उचलले. फडक्यावर डाग उमटला. "याला तुम्ही काय म्हणता?"

"हे हत्तितु. एकाचा रंग दुसऱ्याला चिकटला." अक्काने वाकून परातीतले पाणी पाहिले. "हे पाण्यात सुटलेलं, ते बिट्टितु. आणि हे काठाशी बघा, तांबडं पांढऱ्या धाग्यात शिरलंय, ते हरडितु. तिन्ही वेगळी. चिकटला तर धुऊन निघतो, शिरला तर नाही निघत. तुमच्या दुकानदारानं तुरटी कमी घातलीय." तिने कापड दोन बोटांनी उचलून खिडकीच्या गजाला अडकवले आणि खालच्या टोकाकडे बोट केले. रंगाची रेघ उतरत होती. "आणि हे..."

ती थांबली. तिने एकदा रघुपतीकडे पाहिले.

"हे ओघळिसितु."

नागनाथ चिठ्ठ्यांच्या पेटीत घाईघाईने काहीतरी शोधत होता. "आचार्य, हत्तु आणि हरडु या अर्थी आपल्याकडे नाहीतच," तो म्हणाला. "आपण एकाच 'बिडु'वर, त्या बिट्टितुच्या धातूवर, भागवलंय." मग अक्काकडे वळून: "अम्मा, इतके दिवस कुठं होतात? आम्ही इथं माशा मारत बसलोय."

आचार्यांनी चिठी पुढे ओढली. टाक शाईत बुडवला. "साक्ष लिहून घेऊ. अम्मा, आपलं पूर्ण नाव सांगा."

अक्काने पदर सावरला. तिचे ओठ उघडले, आणि त्याच क्षणी रघुपतीला तिचे हात दिसले. कोपरापर्यंत ती ते घासून आली होती, तरी नखांच्या कडांना तांबडे राहिले होते. या हातांनी रंगवलेल्या लडींवर तो शिकला होता. आणि आता त्याच्या सांगण्यावरून ती या परक्या खोलीत उभी राहून आपण आपण नाही असे सांगणार होती.

"सकवारबाई," तो म्हणाला. "त्यांचं नाव सकवारबाई. माझी आत्या. घरची भाषा मराठी."

नागनाथचे हात पेटीत तसेच राहिले. आचार्यांनी टाक पुसून ठेवला. त्यांनी चिठी उलटली आणि मागची बाजू वाचली, जणू पहिल्यांदाच.

"हे अक्षर तुमचं?"

"होय."

"गंगव्वा म्हणून कुणी आहे?"

"नाही."

आचार्य खुर्चीवरून उठले, कोपऱ्यातली दुसरी खुर्ची त्यांनी स्वतः ओढून आणली आणि म्हणाले, "बाई, आता बसा." हे त्यांनी मराठीत म्हटले. दोन वर्षांत त्या कचेरीत त्यांच्या तोंडून मराठीचा एक शब्द कुणी ऐकला नव्हता.

अक्का बसली. "तुम्हाला आमची भाषा येते?"

"माझे वडील मराठी शाळेत शिकले. मी त्यांच्याकडून. ओघळणं मला चिठी वाचली तेव्हाच ओळखू आलं होतं."

"मग हात कशाला ठेवलात?"

"कन्नडमध्ये ऐकलं नव्हतं म्हणून. नियम तेवढाच आहे." ते रघुपतीकडे वळले आणि पुन्हा कन्नडमध्ये बोलू लागले. "परका शब्द मी नाकारत नाही. आपल्या पेटीत फारसी आहेत, पोर्तुगीज आहेत. पण तो कन्नड घरांत उतरलेला हवा. तुम्ही खरं नाव, खरं घर लिहिलं असतंत तर मी म्हटलं असतं, पेठेत चार घरी विचारून या."

"विचारलं," अक्का मध्येच म्हणाली. "माझ्या समोर विचारलं. कुणी म्हणत नाही. त्यांना समजतं, पण ते म्हणत नाहीत. आम्हीच तेवढे म्हणतो."

तिने ते तक्रारीच्या सुरात म्हटले नाही. कापडाचा दोष गिऱ्हाइकाला सांगावा तसे सांगितले. आचार्यांनी चिठी थांबवलेल्या चिठ्ठ्यांच्या पेटीत टाकली, फाडली नाही.

"बाकीच्या त्र्याऐंशींवर आता मी विश्वास कसा ठेवू?" त्यांनी विचारले.

"त्या खऱ्या आहेत."

"असतील. पण हीही खरी आहे असं तुम्ही मागच्या बुधवारी याच मेजावर मला भासवलंत." ते थकल्यासारखे दिसत होते. "डिसेंबरचं पत्र मी पाठवणार नाही. चैत्रातल्या उगादीपर्यंत तुमची हंगामी नेमणूक आहे. तोवर प्रत्येक साक्षीदार इथं आणा. त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी. त्यानंतर सही करीनच असं वचन देत नाही."

"आणि यांनी सांगितलेले दोन शब्द?" नागनाथने हळूच विचारले. "हत्तु, हरडु?"

"त्यांची साक्ष नियमाला चालत नाही." आचार्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. नियम त्यांनीच केला होता, आणि तो या क्षणी त्यांना सुखाचा वाटत नव्हता हे दिसत होते. "विणकरांकडून घ्या. कुणी दाखवून दिलं ते चिठीच्या तळाशी लिहा. सकवारबाई, रंगारीण. नाव नीट लिहा."

बाहेर आल्यावर अक्का पायरीवर बसली आणि वहाणा घालू लागली. उजव्या वहाणेचा अंगठा काही केल्या बसेना. रघुपती खाली वाकला आणि त्याने तो बसवून दिला.

"अक्का, मी तुला असं म्हणायला नको होतं," तो म्हणाला. "गंगव्वा हो म्हणून."

"मी गंगव्वाच सांगणार होते," अक्का म्हणाली. "तोंडापर्यंत आलं होतं."

तो तसाच वाकून राहिला. तिने त्याच्या खांद्यावर हात टेकला आणि ती उठली.

"पहिल्या चिठीवर कोण आहे तुझा?"

"एक टपालवाला. अरळेपेटेत राहतो."

"मग तो चारच्या आत घरी सापडायचा नाही," अक्का म्हणाली. "चालत जाऊ. पोचेपर्यंत चार होतील."